मातीचे डोहाळे कोणाचे?

आज एकच प्रश्न घेऊ. माती खावीशी वाटते, ती इच्छा नेमकी कोणाची?

'रघुवंशा'त गरोदर सुदक्षिणेच्या तोंडाला मातीचा वास येतो आणि दिलीप राजा तो कौतुकाने हुंगतो. आपल्या यवतमाळकडे कापसाच्या शेतात राबणाऱ्या बाईने माती खाल्ली, तर आपण काय म्हणतो? वाईट खोड! राणीचे मात्र डोहाळे.

आता शरीरात काय घडतं ते पाहू. आकडेकृमीची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते, शेवटी लहान आतड्याला चिकटून रक्त पिते. रक्ताबरोबर लोह जातं. लोह कमी झालं की पुष्कळांना माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. कृमी मेंदूला हुकूम सोडत नाही; तो नुसती चोरी करतो.

जिवाणूंचं काय? २०२२ साली एका प्रयोगात रानातल्या निरनिराळ्या उंदीरवर्गीय प्राण्यांचे जिवाणू जंतुरहित उंदरांना दिले. त्यांची अन्नाची निवड वेगवेगळी झाली. माणसात हे अजून सिद्ध नाही.

मग इच्छा आपली नव्हे का? आपलीच, पण तिचं कारण आपण निवडलेलं नसतं. म्हणून त्या बाईला बोल लावू नका. डॉक्टरांकडे न्या, हिमोग्लोबिन तपासा, जंताचं औषध आणि लोहाच्या गोळ्या त्यांच्या सल्ल्याने द्या, पायात चप्पल द्या. लोह भरून आलं की ही ओढ बहुधा ओसरते.