व्रणावर प्रकाश : आशा आणि पथ्य

वैशाखात जळगाव-धुळ्याचा पारा ४५ अंशांकडे झुकू लागतो, तेव्हा दुपारी देरासराच्या प्रांगणातील फरशी तव्यासारखी तापते. निरोगी मनुष्य चटका बसताच पाऊल उचलतो. पेढीवर बसून आयुष्य गेलेल्या, जुना मधुमेह जडलेल्या गृहस्थाला मात्र तळव्याला फोड आल्याचे सायंकाळी गादीच्या पांढऱ्या चादरीवर डाग दिसल्यावर कळते. पायाची संवेदनाच हरपलेली असते. असा व्रण महिनोन्महिने भरत नाही. मग घरात कुणीतरी सुचविते, “हल्ली लाल प्रकाशाने जखमा बऱ्या करतात म्हणे!”

हे म्हणणे अगदीच निराधार नाही. त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९६७ च्या सुमारास बुडापेस्टमध्ये एन्द्रे मेस्टर लेसरने कर्करोग होतो काय, हे उंदरांवर तपासत होते. (मुक्या जिवांवरील प्रयोग आपल्या मनाला रुचणारे नाहीत, पण इतिहास असा आहे.) कर्करोग झाला नाही, उलट भादरलेल्या पाठीवर केस लवकर उगवले. त्यानंतर मेस्टर यांनी हाच मंद लेसर माणसांच्या न भरणाऱ्या व्रणांवर वापरून पाहिला.

यात त्वचा भाजत नाही. सुमारे ६३० ते ६६० नॅनोमीटरचा लाल किंवा त्यापुढील अवरक्त प्रकाश पेशींतील ऊर्जा निर्माण करणारी यंत्रणा शोषून घेते आणि दुरुस्तीला वेग येतो, असे मानतात. कर्करोगाच्या उपचारात तोंडात होणारे दाहक व्रण टाळण्यासाठी या पद्धतीची आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. तंबाखू-गुटख्याने पोखरलेल्या आपल्या प्रदेशात ही माहिती अनेक घरांच्या उपयोगी पडेल.

मधुमेही पायाच्या बाबतीत मात्र बहुतेक चाचण्या लहान आहेत. तेथे प्रकाश हा जोडउपचारच. रक्तातील साखर, पायाचा रक्तपुरवठा, जंतुसंसर्ग, मृत ऊतक काढणे आणि व्रणावरील भार कमी करणे, हे सारे आधी. रक्तवाहिनी तुंबलेली असताना केवळ दिव्याखाली पाय धरून बसणे म्हणजे बोट गमावण्याची वाट पाहणे होय. दहा बैठकांचे पैसे आगाऊ मागणाऱ्यास प्रथम विचारावे : पायाची नाडी तपासली काय? उपचाराच्या वेळी डोळ्यांना संरक्षक चष्मा हवा, आणि संशयास्पद गाठीवर तज्ज्ञाला विचारल्यावाचून प्रकाश टाकू नये.

आणि मधुमेही ज्येष्ठांनी उन्हाळ्यात दर्शनाला सूर्य वर येण्यापूर्वी जावे. विश्वस्तांनी प्रांगणात काथ्याची चटई अंथरावी. रात्री सुनेने किंवा नातवाने आजोबांचे दोन्ही तळवे एकदा उजेडात पाहावेत.