सायकलीचा मुक्काम

जून महिन्यातली सकाळ. शाळेचा पहिला दिवस. नवे दप्तर पाठीला लावून तुम्ही जिन्याखाली जाता. उन्हाळ्याच्या सुट्टीभर सायकल तिथेच उभी आहे. गावाला जाण्याच्या आदल्या दिवशी तुम्ही ती धुतली होती आणि धूळ बसू नये म्हणून ओलसर असतानाच तिच्यावर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला होता. आता कागद काढून पाहता, तो पुढचे चाक पार बसलेले, चेन तांबूस झालेली आणि ब्रेक दाबला की दाबलेलाच राहतो! सुट्टीत तर सायकलीला कुणी हातही लावला नाही. मग ती बिघडली कशी?

वापराने वस्तू झिजते, हे आपल्याला सहज पटते. पण नुसत्या उभ्या असलेल्या सायकलीवरही हवा, पाणी, ऊन आणि गुरुत्वाकर्षण यांचे काम चालूच असते. त्या चौघांना सुट्टी नसते! घरात सायकल कशी ठेवावी, हा प्रश्न या चौघांची नीट ओळख करून घेतली की आपोआप सुटतो. मग तुमच्याकडे मोटारीचे गॅरेज असो, पडवी असो, की जिन्याखालचा कोपरा असो.

तांबूस शत्रू

लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी एकत्र आले की गंज तयार होतो, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. गंज म्हणजे लोखंडाचे पाणी धरून ठेवणारे ऑक्साइड. ते मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापते आणि ठिसूळ व सच्छिद्र असते. त्यामुळे त्याचे पापुद्रे सुटतात, खालचे ताजे लोखंड उघडे पडते आणि गंज आणखी खोल जातो. अॅल्युमिनिअमवरही ऑक्साइडचा थर येतो. पण तो घट्ट चिकटून बसतो आणि आतल्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचे दुर्दैव असे, की त्याचा पहारेकरीच दार उघडे ठेवतो.

पण छपराखाली पाणी येते कुठून? हवेतूनच! ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या १ घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. २० अंशाला मात्र सुमारे १७ ग्रॅमच मावते. समजा, पावसाळ्यात दुपारी तापमान ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के आहे. म्हणजे प्रत्येक घनमीटर हवेत २४ ग्रॅम बाष्प आहे. रात्री हीच हवा २६ अंशांपर्यंत निवली की ती संपृक्त होते. त्याहून थंड झालेल्या दांड्यावर आणि मडगार्डवर मग दव जमू लागते.

आता प्लॅस्टिकचा कागद आठवा. ओल्या सायकलीवर तो गुंडाळला, की दिवसा वाफ झालेल्या पाण्याला बाहेर जायला वाट राहत नाही. रात्री ते पुन्हा सायकलीवरच उतरते. म्हणजे आपण सायकल झाकत नाही, तिला ओल्या पिशवीत कोंडतो! धुळीसाठी जुनी सुती चादर पुष्कळ बरी. ती हवा जाऊ देते. मात्र चादरही कोरडी हवी.

रत्नागिरी, अलिबाग किंवा मुंबई अशा समुद्रकाठच्या गावी आणखी एक पाहुणा असतो. तो म्हणजे मीठ. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते. शिवाय गंजणे ही एक विद्युतरासायनिक क्रिया आहे आणि खारट पाणी वीज चांगली वाहून नेते. म्हणून खाऱ्या वाऱ्यात गंज वेगाने चढतो. तिथे सायकल अधूनमधून गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करावी.

एक प्रयोग करून पाहा. चार सारखे लोखंडी खिळे आणि चार बाटल्या घ्या. पहिला खिळा कोरड्या, घट्ट बुचाच्या बाटलीत ठेवा. दुसरा साध्या पाण्यात अर्धा बुडवा, तिसरा मिठाच्या पाण्यात. चौथ्याला सगळीकडून ग्रीस फासून तोही मिठाच्या पाण्यात ठेवा. आठवडाभर रोज निरीक्षणे लिहा. तेलाचे चार थेंब चेनसाठी काय करतात, ते चौथा खिळा तुम्हाला सांगेल. पण सावधान! तेल चेनला द्यावे, ब्रेकच्या तारेला द्यावे. रिमला आणि ब्रेकच्या रबराला कधीही लागू देऊ नये. तिथे आपल्याला घर्षण हवे असते.

बसलेले चाक

जॉन बॉइड डनलॉप या बेलफास्टमधल्या पशुवैद्याने १८८८ साली हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीचे धक्के कमी व्हावेत, म्हणून त्याने हा खटाटोप केला होता. तेव्हापासून आपण हवेवर बसून प्रवास करतो. पण ही हवा कायमची आपली नसते. पंक्चर नसले तरी हवेचे रेणू रबरातून हळूहळू बाहेर झिरपतात. ब्यूटाइल रबराच्या ट्यूबमधून ते सावकाश जातात, नैसर्गिक रबराच्या ट्यूबमधून त्याहून पुष्कळ लवकर.

हवा गेली, की सायकलीचा भार टायरच्या एकाच घडीवर पडतो. आठवडेच्या आठवडे ती घडी तशीच राहिली, तर तिथे रबराला भेगा जातात. म्हणून सुट्टीला जाण्यापूर्वी हवा भरावी आणि घरात कुणी असेल तर पंधरा दिवसांनी पुन्हा भरायला सांगावे. ते शक्य नसेल, तर चाके जमिनीपासून उचललेली राहतील अशी व्यवस्था करावी.

रबराला ऊन आणि ओझोन हेही सोसत नाहीत. रबराचे रेणू लांबलचक साखळ्यांसारखे असतात. उन्हातले अतिनील किरण आणि ओझोन या साखळ्या तोडतात. रॉकेलने चेन धुताना ते टायरवर सांडू देऊ नका; रॉकेलने रबर फुगते आणि दुबळे होते.

ती पडते का?

साइड स्टँडवर उभी सायकल तीन ठिकाणी जमिनीला टेकते : पुढचे चाक, मागचे चाक आणि स्टँडचे टोक. हे तीन बिंदू जोडले, की एक लांबट, अरुंद त्रिकोण होतो. सायकलीच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेला ओळंबा या त्रिकोणाच्या आत आहे, तोवर सायकल उभी राहते. हँडलला जड पिशवी अडकवली, की गुरुत्वमध्य सरकतो. जमीन मऊ असली, तर स्टँडचे टोक रुतते आणि सायकल अधिकाधिक कलते. ओळंबा त्रिकोणाबाहेर गेला, की ती पडलीच! टोकाखाली लाकडी फळीचा तुकडा ठेवा. क्षेत्रफळ वाढले, की दाब कमी होतो. घरात रांगते मूल असेल, तर ते हँडलला किंवा पेडलला धरून उभे राहू पाहणारच. अशा घरात सायकल भिंतीतल्या कडीला दोरीने बांधून ठेवावी.

जागा कमी म्हणून काहीजण सायकल भिंतीवर टांगतात. इथे तरफेचा नियम विसरू नका. सायकल २० किलोग्रॅमची धरली, तर तिचे वजन सुमारे २०० न्यूटन. ती भिंतीपासून ४० सेंटिमीटर पुढे आलेल्या दांडीवर टांगली आहे. दांडीच्या पट्टीची खालची कड भिंतीला टेकते आणि वरचा स्क्रू त्या कडेपासून १० सेंटिमीटर उंच आहे. मग त्या स्क्रूला भिंतीबाहेर ओढणारे बल किती? २०० गुणिले ४० भागिले १०, म्हणजे ८०० न्यूटन! सायकलीच्या वजनाच्या चौपट. म्हणून स्क्रू नुसत्या गिलाव्यात नको, विटेत खोलवर पक्का हवा. पट्टी लांब आणि दांडी आखूड असावी. हे काम मोठ्यांकडूनच करून घ्यावे.

वाट मोकळी ठेवा

सायकल चोरीला जाऊ नये, म्हणून तुम्ही मागच्या चाकाचे कुलूप लावता. त्याने चाक फिरत नाही, हे खरे. पण सायकल उचलून नेता येते. चौकटीतून आणि चाकातून साखळी घालून ती एखाद्या पक्क्या खांबाला अडकवावी. मात्र जिन्याची वाट अडवू नये. आग लागली किंवा रात्री दिवे गेले, तर तीच वाट माणसांना बाहेर नेणार असते. घरात विजेवर चालणारी सायकल असेल, तर तिची बॅटरी जिन्यात किंवा दाराच्या तोंडाशी चार्ज करू नये. लिथियमची सदोष बॅटरी पेटली, तर आग फार वेगाने भडकते.

आता पुन्हा त्या अडकलेल्या ब्रेककडे वळू या. ब्रेकची तार अनेक बारीक तारांना पीळ देऊन केलेली असते आणि ती नळीत दडलेली असते. आत शिरलेल्या पाण्याने या तारा गंजून एकेक करून तुटतात. बाहेरून काहीच दिसत नाही. शेवटची तार तुटते ती नेमकी जोरात ब्रेक दाबल्यावर, म्हणजे बहुधा उतारावर! म्हणून बरेच दिवस उभी असलेली सायकल काढाल, तेव्हा आधी ती हातात धरून चालवा, दोन्ही ब्रेक दाबून पाहा आणि मगच तिच्यावर बसा. ब्रेक सुटत नसेल, तर त्या दिवशी शाळेला पायी जा. उशीर झाला म्हणून बसणारे रागे परवडतील.

येत्या शनिवारी एक पाहणी करा. शाळेच्या सायकल स्टँडवर किती सायकलींच्या चेन तांबूस आहेत, किती टायरना भेगा आहेत, किती ब्रेक अडकतात, ते वहीत मांडा. मालकांना विचारा, रात्री सायकल कुठे असते? पावसात, उघड्यावर, की छपराखाली? दोन्ही रकाने शेजारी शेजारी ठेवून पाहा. पण सुरुवात स्वतःच्या सायकलीपासून करा बरे का!