खुर्ची खचते, मोडत नाही

देऊळगाव राजासारख्या तालुक्याच्या गावी तहसील, बँका, पतसंस्था, दवाखाने, ऑनलाइन अर्ज भरून देणारी केंद्रं, सगळीकडे आता चाकांच्या, वरखाली होणाऱ्या खुर्च्या आहेत. त्यातली एखादी बसल्या बसल्या खाली जाऊ लागली, की ती कोपऱ्यात जाते, पुढे अडगळीत आणि शेवटी भंगारात. हा अपव्यय टाळता येण्यासारखा आहे. अशा खुर्चीची बैठक, पाठ, हात, चाकं बहुधा धडधाकट असतात. बिघडलेला असतो एकच सुटा भाग, आणि तो बदलता येतो.

तो भाग म्हणजे बैठकीखालचा सिलिंडर. बाजारात त्याला हायड्रॉलिक म्हणतात, पण त्याचं काम चालतं दाबाखाली कोंडलेल्या नायट्रोजन वायूवर. पिस्टनमुळे नळीचे दोन कप्पे होतात आणि त्यांच्यामध्ये एक झडप असते. बैठकीखालची दांडी ओढली की वरची पिन दाबली जाते, झडप उघडते, वायू इकडून तिकडे जातो आणि उंची बदलते. दांडी सोडली की झडप मिटते व खुर्ची तिथेच थांबते. वर्षानुवर्षांच्या वापराने आतलं रबरी सील झिजतं, वायू झिरपू लागतो आणि माणसाच्या वजनाने बैठक खचते. तेल घालून किंवा पुन्हा वायू भरून हे सुधारत नाही, कारण सिलिंडर कायमचा बंद केलेला असतो. मात्र नवा आणण्याआधी दांडी तपासावी. ती वाकून पिनवर सतत टेकत असेल, तर चांगला सिलिंडरही उंची धरत नाही. दांडी सरळ केली की काम भागतं, पैसाही लागत नाही.

सिलिंडरच बदलायचा झाला तरी काम अवघड नाही. त्याला नटबोल्ट नसतात. दोन्ही टोकं निमुळती असून नुसती घट्ट बसलेली असतात. बहुतेक खुर्च्यांत वरचं टोक सुमारे 28 मिमी आणि खालचं 50 मिमी जाड असतं, त्यामुळे एका कंपनीच्या खुर्चीला दुसरीचा सिलिंडर सहसा चालतो. जुन्याची लांबी मोजून न्यावी. पाच पायांचा स्टँड हातोडीने ठोकून सुटतो, वरचं टोक पाइप पान्याने फिरवून. पाने-हातोड्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात असतात.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा चिरून सिलिंडरच्या दांड्याभोवती बसवला की झालं. शेतीच्या गावात असा तुकडा फुकट मिळतो आणि उपाय खरोखर चालतो. एकाच माणसाची खुर्ची असेल तर तो पुरेसाही आहे. पण जिथे सकाळी एक आणि दुपारी दुसरा बसतो, तिथे उंची कायमची बांधून टाकणं म्हणजे दोघांपैकी एकाच्या खांद्यांवर रोजचा ताण. वेल्डिंग करून सिलिंडर पक्का करण्याचा सल्ला मात्र कधीच मानू नये. दाबाखालच्या नळीला उष्णता देणं किंवा भोक पाडणं जिवावर बेतू शकतं. सिलिंडर फुटण्याची भीती खरी आहे, पण ती न उघडता अख्खा बदलण्याच्या विरोधात जात नाही. हलका, बिनमार्क्याचा माल घेण्याच्या विरोधात जाते.

सरकारी कार्यालयांची अडचण वेगळी. खुर्ची डेडस्टॉक रजिस्टरला चढलेली असते. तिचं निर्लेखन होईपर्यंत ती टाकता येत नाही आणि दुरुस्तीचं कोणाला सुचत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेती अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं यांवर भर दिला. फर्निचर त्यात नव्हतं. म्हणून सुटा सिलिंडर मिळेल का, कोणत्या मापाचा, किती वर्षं, हे खुर्ची घेतानाच विचारून बिलावर लिहून घ्यायला हवं.