डक्ट किती वर्षांनी साफ करायचे, त्याआधीचा प्रश्न

आजचा विषय अमेरिकेतल्या घरांचा आहे. तिथल्या मराठी कुटुंबांकडून एक प्रश्न हमखास येतो : घरातले हवेचे डक्ट किती वर्षांनी साफ करून घ्यायचे? घरात दम्याचं मूल असेल किंवा भारतातून आई-वडील राहायला आले असतील, तर या प्रश्नामागे काळजीही असते. आपण आज त्याच्या एक पाऊल आधी जाऊ. डक्टमध्ये घाण येते कुठून? ते कळलं, की दोन सफायांच्या मधे आपण काय करायचं, हे फारसं शिकवावं लागत नाही.

आधी रचना समजून घेऊ. पुण्या-मुंबईत भिंतीवरचा एसी एका खोलीपुरता असतो. अमेरिकेतल्या बऱ्याच घरांत मात्र बेसमेंटमध्ये, माळ्यावर किंवा गॅरेजमध्ये एकच यंत्र असतं. त्यातला पंखा घरातली हवा मोठ्या जाळीतून, म्हणजे रिटर्नमधून, आत ओढतो. ती हवा फिल्टरमधून जाते, गरम किंवा थंड होते आणि दुसऱ्या डक्टमधून खोल्याखोल्यांत परत येते. म्हणजे बघा, डक्टमधली धूळ बहुतेक आपल्याच घरातली असते. ती आत जाण्याच्या वाटेवर एकच राखणदार आहे : फिल्टर.

म्हणून पहिलं काम फिल्टरचं. साधा एक इंच जाडीचा फिल्टर दर महिन्याला काढून बघायचा. मळला असेल तर बदलायचा, आणि तीन महिन्यांच्या पुढे तर न्यायचाच नाही. त्याच्या कडेवर बाण असतो; तो हवा ज्या दिशेला जाते तिकडे, म्हणजे यंत्राकडे हवा. फिल्टर चौकटीत घट्ट बसला पाहिजे. बाजूला फट राहिली, की हवा फिल्टर टाळून तिथूनच जाते. फिल्टरची पकड मर्व्ह या आकड्यात मोजतात. मर्व्ह ८ नेहमीची धूळ बरीच अडवतो. मर्व्ह १३ धुरातले बारीक कणही बऱ्यापैकी धरतो. पण मोठा आकडा सरसकट चांगला, असं नाही. जुन्या यंत्राच्या पंख्याला दाट फिल्टरमधून हवा ओढताना जोर पडतो. आपलं यंत्र किती पेलेल, हे सर्व्हिसला येणाऱ्या तंत्रज्ञाला एकदा विचारून ठेवायचं.

दुसरी जागा आपली खास : स्वयंपाकघर. फोडणी, तळण, पोळ्यांचा धूर. त्यातली तेलाची वाफ हवेबरोबर रिटर्नपर्यंत पोचते, फिल्टरवर आणि आतल्या कॉइलवर चिकट थर बसवते, आणि मग कोरडी धूळही तिथे चिकटते. शेगडीवरचा पंखा हवा घराबाहेर टाकतो का, ते तपासा. अनेक घरांत तो मायक्रोवेव्हखाली असतो आणि हवा जाळीतून गाळून परत घरातच सोडतो. तसं असेल तर फोडणी देताना खिडकी उघडा. पंखा बाहेर हवा टाकणारा असेल तर फोडणी मागच्या बर्नरवर द्या. तिथला धूर त्याला जास्त सापडतो.

तिसरी गोष्ट पाणी. कोरड्या धुळीपेक्षा ओल जास्त त्रासाची, कारण ओलीवर बुरशी येते. उन्हाळ्यात थंड कॉइलवर पाणी सुटतं आणि खालच्या तबकातून नळीने बाहेर जातं. ती नळी वाहते आहे ना, तबकात पाणी साचलेलं नाही ना, एवढं महिन्यातून एकदा बघायचं. घरातली आर्द्रता ३० ते ५० टक्के ठेवायची. ती मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. धुळीने आणि ओलीने आतलं इन्सुलेशन एकदा बुरशीने धरलं, तर ते नीट साफ होत नाही, बदलावंच लागतं.

चौथी गोष्ट गळती. अमेरिकेच्या एनर्जी स्टार कार्यक्रमाच्या माहितीनुसार साधारण घरात डक्टमधली २० ते ३० टक्के हवा सांध्यांतून वाया जाते. पैसे जातात ते वेगळे. रिटर्नला भोक असेल तर माळ्यावरची धूळ फिल्टर टाळून आत येते. यंत्र गॅरेजमध्ये असेल तर गाडीचा धूरही येऊ शकतो. म्हणून झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. हाताला लागणारे सांधे मॅस्टिक नावाच्या लेपाने किंवा डक्टसाठीच्या धातूच्या पट्टीने बंद करा. गंमत अशी, की ज्याला सगळे डक्ट टेप म्हणतात ती कापडी पट्टी या कामाला टिकत नाही. गरम हवेने तिचा चिकटपणा जातो.

किरकोळ कामं पटकन सांगतो. जाळ्या काढून धुवायच्या, हात पोचेल तिथवर व्हॅक्यूम फिरवायचा. घरात घासकाम, रंगकाम चालू असेल तर यंत्र बंद आणि जाळ्या प्लास्टिकने झाकलेल्या. सोफा रिटर्नला टेकवायचा नाही. आणि आत सुगंधी किंवा जंतुनाशक फवारा मारायचा नाही. तो शेवटी आपल्याच श्वासात येतो.

आता मूळ प्रश्न. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था ठराविक वर्षांनी सफाई करा असं सांगत नाही. गरज असेल तेव्हा करा, म्हणते. गरज कधी? डक्टच्या आत बुरशी डोळ्यांनी दिसली, उंदीर किंवा किडे शिरले, किंवा धूळ इतकी साचली की जाळीतून उडून खोलीत येते, तेव्हा. सफाईने आजार टळतात, हे सिद्ध झालेलं नाही, असंही ती सांगते. त्यामुळे फोनवर अगदी स्वस्तात सफाईची ऑफर आली, तर विचारा : कॉइल, पंखा, तबक यांचंही काम करणार का? आधी आत काय आहे ते दाखवणार का? आणि बुरशी ज्या ओलीने आली ती ओल आधी थांबवा. नाहीतर साफ केलेला डक्ट पुढच्या पावसाळी उन्हाळ्यात पुन्हा तसाच होईल.