डिझेलचा हिशेब आणि कांद्याचा भाव

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा भाव सकाळच्या लिलावात एक, तर दुपारच्या लिलावात दुसरा निघू शकतो. मात्र तो कांदा शिवारातून आणणाऱ्या ट्रॅक्टरचे आणि व्यापाऱ्याच्या खळ्यावरून मुंबईस नेणाऱ्या ट्रकचे डिझेल कांद्याचा भाव विचारून जळत नाही. नाशिक जिल्ह्याच्या ग्रामीण अर्थकारणातील खरी अडचण येथे आहे.

एक साधे गणित मांडू. दहा टन कांदा घेऊन लासलगावहून वाशीस जाऊन परतणारा ट्रक सुमारे 450 किलोमीटर धावतो. लिटरमागे चार किलोमीटर धरल्यास सुमारे 112 लिटर डिझेल लागते. दर 90 रुपये धरला तर खर्च दहा हजारांच्या घरात, म्हणजे किलोमागे एक रुपया. कांदा 25 रुपयांनी विकला जात असेल, तर हा भार चार टक्के. तोच चार रुपयांवर आला, तर पंचवीस टक्के. उलट, डिझेल लिटरमागे एक रुपयाने महागले, तर किलोमागे वाढ जेमतेम एका पैशाची! इंधनवाढीचे निमित्त करून किरकोळ भाव दोन-तीन रुपयांनी वाढवणे या हिशेबात बसत नाही.

मंदीत मात्र हाच खर्च शेतकऱ्याला बुडवतो. फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांदा विकणाऱ्या एका शेतकऱ्याच्या हाती वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाता दोन रुपयांचा धनादेश पडला. त्यानंतर राज्य शासनाने क्विंटलमागे 350 रुपये अनुदान जाहीर केले.

इंधनाचे दर कसे ठरतात, हेही पाहावयास हवे. पेट्रोल जून 2010 मध्ये, तर डिझेल ऑक्टोबर 2014 मध्ये सरकारी दरनियंत्रणातून मुक्त झाले. पुढे जागतिक बाजारात कच्चे तेल उतरले. परंतु नोव्हेंबर 2014 ते जानेवारी 2016 या काळात केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवले. उताराचा मोठा वाटा अशा रीतीने तिजोरीत गेला. नोव्हेंबर 2021 आणि मे 2022 मध्ये डिझेलवरील शुल्क अनुक्रमे दहा व सहा रुपयांनी घटले.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाची बाब म्हणजे 1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाला, तेव्हा पेट्रोल-डिझेल त्याबाहेर राहिले. त्यामुळे त्यांवरील उत्पादन शुल्काची आणि व्हॅटची वजावट मिळत नाही. तो कर भाड्यात दडून येतो व मालाच्या किमतीत मुरतो.

शेतावरील चित्र मात्र पालटत आहे. पूर्वीच्या डिझेल इंजिनांची जागा विजेच्या पंपांनी घेतली. आता सौरपंप येत आहेत. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्के आहे. दिवसा पाणी देता आले की निफाडसारख्या बिबट्यांच्या टापूत रात्रीच्या पाळीची धास्तीही सरते.

वाहतुकीला असा पर्याय अजून हाताशी नाही. जानेवारी 2024 च्या आरंभी टँकरचालकांनी काम थांबवले, तेव्हा मनमाडजवळच्या पानेवाडी येथील इंधन डेपोंतून होणारा पुरवठा अडला आणि पंपांपुढे रांगा लागल्या. डिझेलवरचे आपले अवलंबन त्या दोन दिवसांत उघड झाले.

डिझेलचा दर आपल्या हाती नाही. वापर मात्र आहे. म्हणून पेढीच्या खातेवहीत इंधनाचे स्वतंत्र खाते असावे. प्रत्येक गाडीचे किलोमीटर आणि लिटर दररोज नोंदवावेत. परतीचे भाडे आधी ठरवावे; रिकामा धावणारा ट्रकही डिझेल पितोच. दोन अर्ध्या गाड्यांऐवजी शेजारच्या पेढीसमवेत एक भरलेली गाडी पाठवावी. घराच्या छतावर तीन किलोवॅटचा सौरसंच बसवल्यास केंद्राकडून 78 हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते, त्याचाही विचार व्हावा.

मंदीच्या हंगामात याच नोंदींतून वाचलेला किलोमागचा अर्धा रुपया शेतकऱ्याच्या पट्टीत उतरवता येईल. पुढच्या हंगामात तो आपलाच माल घेऊन आपल्याच खळ्यावर यावा असे वाटत असेल, तर एवढी तोशीस सोसणे व्यापारातही शहाणपणाचे आहे.