पदराची उलटी बाजू

येवल्यातली विणकरांची गल्ली. मे महिना, दुपारचे दोन. पत्र्यांवरून ऊन उसळून अंगावर येतंय. रस्त्यावर माणूस नाही. कुत्री गटाराकडेच्या सावलीत जाऊन पडलीत. उघड्या दारांतून, जाळीच्या खिडक्यांतून हातमाग तेवढे ऐकू येताहेत. खट्. थोडी उसंत. पुन्हा खट्. लग्नसराई आहे, जेवून लगेच सगळे मागावर बसलेत.

गल्लीच्या टोकाला एक छोटं दुकान. खाली गादी, पांढरी चादर, एक गिऱ्हाईक. खरी गर्दी वर आहे. अरुंद जिना चढून जातो. खोलीच्या दारावर कागद चिकटवलाय : ‘लाइव्ह चालू आहे.’ आत पाऊल टाकताच दुकान चालवणाऱ्या वहिनी हातानेच दार लावायला सांगतात. पंखा बंद. त्याचा आवाज माइकमध्ये जातो आणि वाऱ्याने पदर हलतो. खिडकीही बंद. गोल दिव्याचा पांढरा उजेड तोंडावर येतोय. तिपाईवर फोन उभा लावलाय. दोन मिनिटांत माझा शर्ट पाठीला चिकटतो.

“सगळ्या ताईंचं मनापासून स्वागत. कुठून कुठून बघताय, कमेंटमध्ये टाका. लाइव्ह शेअर करा.”

नावं वर सरकू लागतात. चिंचवड. परभणी. बेळगाव. शारजा. न्यू जर्सी. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा 84 वर आहे. पाच मिनिटांत तो 131 होतो, मग 120 वर उतरतो. वहिनींची नजर तिकडे जाते आणि परत साडीवर येते. राणी रंग, मोरपंखी काठ, पदरावर मुनिया. “कोड सात. सिंगल पीस आहे. आवडली तर स्क्रीनशॉट काढा आणि दिलेल्या नंबरवर पाठवा.” खाली ‘प्राइस?’ची रांग लागते. त्या किंमत सांगतात. पुन्हा विचारणा होते, पुन्हा सांगतात. आवाजात त्रासिकपणा नाही. घसा सुकतो तेव्हा फोनच्या चौकटीबाहेर वाकून पाणी पितात.

बाजूला सतरंजीवर त्यांची लेक दुसरा फोन घेऊन बसलीय. आलेले स्क्रीनशॉट ती वहीत लिहून घेते. कोड, नाव, गाव. पहिला निरोप कुणाचा, दुसरा कुणाचा, वेळ पाहून ठरवते. एकाच साडीला चार जणींनी हात घातला की तिघींना ‘सॉरी ताई, बुक झाली’ असं कळवायचं. त्या तिघींना तशाच रंगाच्या दुसऱ्या पैठणीचा फोटो पाठवायचा. मग थांबायचं. निळी खूण उमटते. उत्तर येत नाही.

चाळिसाव्या मिनिटाला फोन तापतो. पडदा मंद होतो. लेक ओल्या फडक्याने फोनची पाठ पुसते. “ताई, पाच मिनिटांत परत येतोय, जाऊ नका,” वहिनी सांगतात. लाइव्ह बंद. खिडकी उघडते. पंखा सुरू होतो. खोलीतले सगळे एकदम श्वास सोडतात.

तेवढ्यात वहिनी एक साडी घेऊन खिडकीशी जातात. ताणा हिरवा, बाणा जांभळा. कापड हलवलं की रंग बदलतो. दिव्याखाली ही साडी नुसती जांभळी दिसते. “फोटोपेक्षा रंग वेगळा निघाला, ही सगळ्यात मोठी तक्रार. म्हणून धूपछाँव साडी मी उन्हातच दाखवते,” त्या म्हणतात. लेक खिडकीतल्या उजेडात पंधरा सेकंदांचा व्हिडिओ काढते. एकदा सरळ, एकदा तिरका, एकदा घडी उलगडताना.

दुकानातून पूर्वी लग्नाच्या बस्त्यासाठी आलेली घराणीच्या घराणी वर जायची. 2020 च्या टाळेबंदीत ती यायची थांबली. माग चालू होते, साड्यांच्या घड्या कपाटात चढत होत्या. त्याच वर्षी जुलैत भारतात इन्स्टाग्रामवर रील सुरू झाली. घराघरांत तेव्हा फोनवरच व्यवहार शिकले गेले. आज वहिनींच्या वहीत गल्लीतल्या गिऱ्हाइकांपेक्षा पिनकोड जास्त आहेत.

वहीतली सगळी नावं मात्र रीलवरून आलेली नाहीत. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 माणसं बसतात, आणि ज्यांनी दुकानाचा नंबर जतन केलाय त्यांनाच तो निरोप पोचतो. म्हणून प्रत्येक लाइव्हच्या शेवटी विनंती असते : “नंबर सेव्ह करून ठेवा, ताई.” स्टेटस 24 तासांत पुसलं जातं, त्यामुळे रोज सकाळी नवं लावायचं. रीलमुळे अनोळखी माणूस येतो. पण दुसरी साडी घेते ती यादीतलीच बाई. ती नणंदेला सांगते, नणंद शेजारणीला.

लेकीबरोबर मी गल्लीत उतरतो. तिला उद्याची रील करायची आहे. चार दारं सोडून एका काकांचा माग आहे. खोली बुटकी, कौलांत बसवलेल्या काचेतून उजेडाचा पट्टा थेट ताण्यावर पडतोय. काकांचे पाय पावड्यांवर, बोटं रंगीत कांड्यांत. पदरावर बांगडी मोर आकार घेतोय. प्रत्येक रंगाची कांडी वेगळी. हिरवा जिथे संपतो तिथे तो शेजारच्या जरीत अडकवायचा, मागे फिरवायचा, पुन्हा पुढे आणायचा. काका सकाळपासूनचं काम बोटाने दाखवतात. दोन इंच.

“काका, जरा सावकाश करा ना, हात नीट दिसू दे.”

“सावकाशच आहे पोरी. याहून सावकाश माग चालत नाही.”

ती खाली बसून फोन मागाच्या कडेला टेकवते. पहिल्या तीन सेकंदांत हात दिसले पाहिजेत, नाहीतर बघणारा पुढे सरकतो, हे ती मला सांगते. चेहरा नंतर, पदर नंतर, किंमत सगळ्यात शेवटी. गाणं? दुकानाच्या खात्याला बरीच गाजलेली गाणी वापरताच येत नाहीत. व्यवसायासाठी परवानगी असलेलं संगीत मोजकंच आहे. ती आता मागाचा आवाजच ठेवते. “गाजतं गाणं लावलं की व्ह्यूज येतात. हा आवाज ठेवला की मेसेज येतात,” ती म्हणते. व्हिडिओच्या मधोमध दुकानाचं नाव टाकते. कोपऱ्यात टाकलं तर लोक कापून टाकतात आणि तोच व्हिडिओ दाखवून यंत्रावरची साडी विकतात.

काका मागावरचा पदर खालून हाताने उचलतात. उलट्या बाजूलाही तोच मोर, तेवढाच स्वच्छ. धागे एकमेकांत अडकवून विणलेल्या नक्षीला मागचं आणि पुढचं असं नसतं. यंत्रावर केलेल्या पदराच्या मागे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फोनच्या चौकोनात मात्र अठराशेची आणि अठरा हजारांची साडी सारखीच झगमगते. दोन्ही एकाच बोटाने वर सरकतात. फरक उलट्या बाजूला आहे, आणि ती बाजू कुणीतरी दाखवावी लागते.

पाच वाजतात. दुकानात बांधाबांध सुरू आहे. साडी मलमलमध्ये, मग प्लास्टिकमध्ये, मग पुठ्ठ्याच्या चपट्या खोक्यात. खोकं मोठं चालत नाही. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत. लांबी, रुंदी आणि उंचीचा गुणाकार करून पाच हजाराने भागतात, आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात. प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी : ‘पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. त्याशिवाय तक्रार घेतली जाणार नाही.’ घरपोच पैसे द्यायची सोय वहिनींनी बंद केलीय. दारातून परत आलेल्या पार्सलचं जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही भाडं दुकानावर पडतं. तोवर ऐन सराईतली साडी दहा-बारा दिवस रस्त्यावर फिरत असते.

कुरिअरच्या गाळ्यासमोर रांग आहे. सहाला गाडी निघते. कुरड्या-पापडांचे डबे घेऊन बचत गटाच्या दोघी उभ्या आहेत. त्यांच्या मागे मसाल्याची पाकिटं भरलेली गोणी. त्यांच्या मागे साड्यांची खोकी. सगळ्यांच्या हातात फोन. पत्ते वाचून दाखवले जातात, पिनकोड दोनदा तपासले जातात. काट्यावर खोकं चढतं, उतरतं. टेप ओरबाडल्याचा आवाज. पापडवाल्या बाई पुढच्या मुलाला विचारतात, “दादा, हे बूस्ट करणं म्हणजे काय असतं? पैसे भरावेच लागतात का?” तो सांगतो : आधी न भरता टाका. जी रील आपोआप चालली तिच्यावरच थोडे पैसे लावा, आणि आपला माल जातो तेवढीच शहरं निवडा. बाई पिशवीतून कागद काढून लिहून घेतात. रांग एक पाऊल पुढे सरकते.

सहाला गाडी जाते. पावत्यांचे फोटो गिऱ्हाइकांना पाठवायचं काम उरतं. त्यातच एका अनोळखी खात्यावरून निरोप येतो : साडी फुकट पाठवा, आम्ही रील करू, फॉलोअर भरपूर आहेत. वहिनी वाचतात. लेकीला म्हणतात, “नको म्हणून लिही, पण नीट लिही.” त्यांच्याकडे आठवड्याला येणाऱ्या साड्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एक दिली तर कुणाची तरी महिन्याची मेहनत दिली.

दिवेलागण होते. दुपारची रील लागलीय. अर्ध्या तासात 412 जणांनी पाहिली. मग आकडा तिथेच रेंगाळतो. लेक बोटाने पडदा खाली ओढते, सोडते, परत ओढते. अशा वेळी घरात कुणी फारसं बोलत नाही. मग नागपूरहून एक निरोप येतो. किंमत विचारलेली नाही. ‘पदराची उलटी बाजू दाखवाल का?’

वहिनी लगेच उठतात. साडी उलटी पसरतात. लेक फोन अगदी जवळ नेते आणि मोराच्या मानेवरून सावकाश फिरवते. व्हिडिओ पाठवून झाल्यावर ती उद्याच्या रीलखालचा मजकूर लिहायला घेते. रंग, काठ, किंमत. थांबते. काकांना फोन लावते. तुमचं नाव लिहू का, असं विचारते. पलीकडून होकार येतो. नावाखाली ती आणखी एक ओळ लिहिते : विणायला लागलेले दिवस, 41.

या बाजारात गाणी बदलतील, रीलची लांबी बदलेल, उद्या वेगळंच अॅप येईल. छोट्या दुकानाने ते शिकत राहायलाच हवं, आणि ही गल्ली ते मन लावून शिकते आहे. त्याचबरोबर हात कुणाचा, दिवस किती आणि उलटी बाजू कशी, एवढ्या तीन गोष्टी प्रत्येक पैठणीखाली लिहिलेल्या असाव्यात. आणि विकत घेणाऱ्याने त्या विचारल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.