फुकट सॉफ्टवेअरचा पगार कोण देतो?

जुलै २०१२ मध्ये मोझिलाने जाहीर केले की, थंडरबर्ड या आपल्या ई-मेल प्रोग्राममध्ये नवी भर घालण्यासाठी संस्था यापुढे माणसे लावणार नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या होत राहतील, बाकीचे स्वयंसेवकांनी बघावे. थंडरबर्डची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली होती आणि आठ वर्षांतच त्याच्यावर ही पाळी आली. संस्थेचा हिशेब समजण्यासारखा होता. लोक ब्राउझरमधल्या मेलकडे वळत होते आणि मोझिलाच्याच फायरफॉक्स या ब्राउझरला गूगलसारख्या शोधयंत्रांशी झालेल्या करारांतून जसा पैसा मिळतो, तसा मेलच्या प्रोग्रामला मिळण्याची सोय नव्हती. थंडरबर्ड संपले, असेच तेव्हा अनेकांनी धरले. प्रत्यक्षात २०२२ मध्ये ३ लाखांहून अधिक लोकांनी मिळून याच प्रोग्रामला सुमारे ६४ लाख डॉलर देणगी दिली आणि २०२३ मध्ये हा आकडा ८६ लाखांच्या घरात गेला. मधल्या दशकाचा हा प्रवास नीट पाहिला, तर एक गोष्ट स्पष्ट होते. सॉफ्टवेअर लिहायला हौस पुरते, सांभाळायला पगार लागतो. आणि तो पगार वापरणाऱ्यांच्या छोट्या-छोट्या वर्गणीतून येणे हाच त्यातल्या त्यात निकोप मार्ग आहे.

मेल पाठवायचा मूळ नियम १९८२ सालचा. इतक्या जुन्या गोष्टीत रोज काम ते कसले, असे कोणी विचारील. पण मेलचा प्रोग्राम एकटा चालत नाही. त्याच्या भोवतालचे सगळे सतत हलत असते. मे २०२२ च्या अखेरीस गूगलने बाहेरच्या प्रोग्रामांना नुसत्या नाव-पासवर्डवर जीमेल उघडू देणे थांबवायला सुरुवात केली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टनेही आपल्या ऑनलाइन एक्स्चेंजवर तेच केले. ज्या प्रोग्रामांनी परवानगीची नवी पद्धत आधीच बसवून घेतली होती ते तरले; बाकीच्यांच्या वापरकर्त्यांवर एके दिवशी सकाळी मेल येणे बंद होण्याची पाळी आली. एक्स्चेंजचेच पुढचे प्रकरण अधिक बोलके आहे. कार्यालयांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या या सेवेशी कोणत्याही अ‍ॅड-ऑनशिवाय थेट जोडले जाण्याची सोय थंडरबर्डमध्ये नोव्हेंबर २०२५ च्या १४५ व्या आवृत्तीत आली. ती ज्या मार्गावर उभी केली, तो मार्ग आपल्या ऑनलाइन सेवेपुरता ऑक्टोबर २०२६ पासून बंद करणार असल्याचे मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच सांगून ठेवले होते. म्हणजे एक काम हातावेगळे होते न होते तोच त्याच दारासाठी दुसरी किल्ली घडवायला बसायचे. त्यात थंडरबर्ड फायरफॉक्सच्याच इंजिनावर चालते. तिकडे एखादा भाग काढून टाकला की इकडे काहीतरी मोडते. शिवाय फोल्डरमधल्या पत्रांची सूची ठेवण्यासाठी नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या काळातला मॉर्क नावाचा फाइल-प्रकार आजवर वापरात राहिला. तो बदलायचा म्हणजे लोकांची वर्षानुवर्षांची पत्रे जिथे आहेत तिथला पायाच उपसायचा, एकही पत्र न हरवता. सोसायटीची इमारत बांधून झाली म्हणून मेंटेनन्स थांबत नाही, तसेच हे आहे.

हे काम स्वयंसेवक करू शकत नाहीत का? त्यातले बरेच करतात आणि उत्तम करतात. भाषांतरे, अडलेल्या वापरकर्त्याच्या प्रश्नांना उत्तरे, नव्या आवृत्तीची चाचणी, चुकांची नोंद, अ‍ॅड-ऑन या सगळ्यांत थंडरबर्ड आजही स्वयंसेवकांच्या खांद्यावर उभे आहे. २०१२ नंतरची कठीण वर्षे त्यांनीच निभावून नेली. पण काही कामे सवडीने करण्याजोगी नसतात. सुरक्षेतले भगदाड कळले की दुरुस्ती ठरल्या वेळेतच बाहेर पडावी लागते. तेव्हा कोणाची परीक्षा आहे, कोणाच्या घरी लग्न आहे, हे बघता येत नाही. २०१५ च्या अखेरीस मोझिलाच्या प्रमुख मिचेल बेकर यांनी थंडरबर्ड फायरफॉक्सपासून वेगळे करायला हवे, असे उघड म्हटले, कारण दोन्ही गटांना एकमेकांचा भार होत होता. २०१७ मध्ये मोझिला फाउंडेशनने कायदेशीर आणि आर्थिक छत्र देण्याचे ठरवले, देणग्यांतून माणसे नेमली जाऊ लागली आणि जानेवारी २०२० मध्ये फाउंडेशनच्याच मालकीच्या एमझेडएलए टेक्नॉलॉजीज या कंपनीकडे प्रकल्प गेला. २०२१ मध्ये देणग्या सुमारे २८ लाख डॉलर होत्या. पुढच्याच वर्षी त्या दुपटीहून अधिक झाल्या, त्याचे मोठे कारण साधे आहे: वर्षाच्या शेवटी प्रोग्राममध्येच वापरकर्त्यांना सरळ विनंती केली गेली. बरेच लोक देत नव्हते, कारण त्यांच्याकडे कोणी नीट मागितलेच नव्हते.

तसे पाहिले तर या क्षेत्रात पगार पहिल्यापासून होताच, फक्त तो दिसत नव्हता. मेल पोहोचवणारे एक्झिम हे सॉफ्टवेअर फिलिप हेझल यांनी १९९५ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या नोकरीत असताना लिहिले. पोस्टफिक्स हे वीत्से वेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन विभागात. जिथे असा पगार नव्हता तिथे काय होते, याचे उदाहरण म्हणजे मेल कूटबद्ध करणारे जीएनयूपीजी. जर्मनीतले वेर्नर कॉख १९९७ पासून ते जवळजवळ एकहाती सांभाळत होते. एडवर्ड स्नोडेनने पत्रकारांशी बोलताना ज्यावर भिस्त ठेवली, त्या या सॉफ्टवेअरच्या कर्त्याची २००१ पासूनची सरासरी कमाई वर्षाला २५ हजार डॉलरच्या आसपास आहे, हे फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने छापले. त्यानंतर पैसे आले: फेसबुक आणि स्ट्राइप यांनी वर्षाला ५०-५० हजार डॉलर देऊ केले, देणग्यांचाही ओघ लागला. एकट्या, थकलेल्या माणसावर पायाभूत सॉफ्टवेअर टाकून देण्याचा धोका मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल आकसणाऱ्या सॉफ्टवेअरने पुन्हा दाखवला. तिथे मदतनीस म्हणून शिरलेल्या कोणीतरी दोन-अडीच वर्षे विश्वास कमावून चोरवाट पेरली होती.

देणगीच्या मार्गावर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. पहिला, देणगी लहरी असते. नव्याच्या हौसेपोटी दिलेली देणगी लहरी असते, हे खरे. ब्राउझरमधून मेल वाचायच्या राउंडक्यूबने २०१५ मध्ये लोकवर्गणीतून एक लाखाहून अधिक डॉलर जमवले, ते कोऱ्या पाटीवरून लिहायच्या नव्या आवृत्तीसाठी. ती आवृत्ती तडीस गेली नाही. जुने राउंडक्यूब मात्र आजही जगभर चालते. एकरकमी पैसा स्वप्नांना मिळतो, देखभालीला लागतो तो दरसालचा. लाखो लोकांचे वीस-वीस डॉलर एकाच वर्षी एकदम आटत नाहीत, एखाद्या बड्या कंपनीचा करार आटू शकतो. दुसरा आक्षेप, महिन्याला थंडरबर्ड उघडणारे सुमारे दोन कोटी आणि देणारे शेकड्यात दोनसुद्धा नाहीत. हा फुकट्यांना पोसण्याचा प्रकार नव्हे काय? पण सॉफ्टवेअरची आणखी एक प्रत वापरल्याने खर्च फारसा वाढत नाही. ज्याला परवडत नाही त्यानेही ते वापरावे, हे मुक्त सॉफ्टवेअरला धरूनच आहे.

तिसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. थंडरबर्डने २०२५ मध्ये थंडरमेल ही पैसे घेऊन द्यायची मेलसेवा जाहीर केली; मग हा धंदाच झाला ना? झाला, आणि त्यात गैर काही नाही, जोपर्यंत मूळ प्रोग्राम मुक्त राहतो आणि दुसऱ्या कोणत्याही कंपनीचा मेल त्यात तितक्याच सुखाने चालतो. कॉख यांनी हेच केले. जर्मन सरकारी कार्यालयांना गोपनीय कागदांसाठी मान्यताप्राप्त आवृत्ती आणि सेवा विकून त्यांची कंपनी इतकी सावरली की २०२२ च्या सुरुवातीला त्यांनी देणगीदारांना आता पैसे पाठवू नका, असे कळवले. लक्ष ठेवायचे ते एवढ्यावरच की, गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी फुकट वापरणाऱ्यांचे काही कापले जात नाही ना.

उरतो सगळ्यांत सोपा प्रश्न: जीमेल फुकट असताना ही यातायात कशाला? कारण पैसा देणारा ठरवतो की सॉफ्टवेअर कोणाचे ऐकणार. जाहिरातींसाठी जीमेलमधला मजकूर वाचणे बंद करू, हे गूगलने २०१७ मध्ये जाहीर केले. तोवर ते चालूच होते, आणि बंद करण्याचा निर्णयही त्यांचाच होता. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये ४० हजारांहून अधिक सरकारी मेलपेट्या मायक्रोसॉफ्टकडून ओपन-एक्स्चेंज ही मेलप्रणाली आणि थंडरबर्ड यांवर आणल्या, त्या याच विचाराने. अशा मोठ्या वापरकर्त्यांनी वाचलेल्या परवाना-शुल्काचा एक वाटा देखभालीकडे वळवायला हवा. वैयक्तिक देणगीदारांच्या जिवावर सरकारे चालणे बरे नव्हे.

आपल्याकडच्या वापरकर्त्यांनाही हाच नियम लागू आहे. मुक्त सॉफ्टवेअरवर रोजचे काम करणाऱ्या व्यक्तीने वर्षातून एकदा परवडेल तेवढी रक्कम द्यावी, आणि अशा सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या कंपनीने, महाविद्यालयाने किंवा सरकारी खात्याने ती अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ म्हणून मांडावी. पैसे देणे शक्य नसेल, तर एखाद्या चुकीची नीट नोंद करावी किंवा मराठी भाषांतराला हातभार लावावा. तीही वर्गणीच आहे.